हिवाळ्यात मित्रांसोबत गाडीने मनाली : बर्फातला रस्ता आणि परत फिरण्याची वेळ

देवदार

डिसेंबर लागला की "आम्ही पाच मित्र गाडी घेऊन मनालीला निघतोय, बर्फ मिळेल का?" अशी विचारणा सुरू होते. उत्तरांत हॉटेलं येतात, फोटोच्या जागा येतात. पण बर्फावर गाडी कशी वागते आणि कुठून माघारी फिरायचं, यावर फारसं कोणी लिहीत नाही. आपण घाटांत गाडी शिकलेली माणसं. पावसाळ्यात वरंधा किंवा आंबोली उतरलेल्याला हिमाचलातली वळणं जड जात नाहीत. पण हे कोरड्या रस्त्यापुरतं झालं. बर्फावर तो अनुभव अर्धाच कामाला येतो, म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी तिकडे हिवाळ्यात गाडी चालवली आहे त्यांनी भर घालावी, जाणाऱ्यांनी मोकळेपणाने विचारावं.

आधी वाट. चंदीगडहून मनाली साधारण ३०० किलोमीटर. कीरतपूर-नेरचौक चौपदरी रस्ता २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून स्वारघाटची जुनी वळणं टळली आणि मंडीपर्यंतचं अंतर भराभर कापलं जातं. त्या वेगाच्या हिशोबाने पुढचं गणित मांडू नका. पंडोह ते औट हा पट्टा बियास नदीच्या कडेने जातो आणि दरडींचा आहे. जुलै २०२३ च्या पुरात मंडी-मनाली रस्ता जागोजागी वाहून गेला होता. डागडुजी चालू असली की एकेरी वाहतूक सोडतात आणि तिथे तास-तास जातो. मंडीहून कटौलामार्गे बजौऱ्याला निघणारी दुसरी वाट आहे, पण ती अरुंद आहे, अंधारात तिकडे वळू नये. औटचा बोगदा ओलांडून कुल्लूला आलात की नदीच्या दोन्ही काठांनी मनाली गाठता येते. गर्दीच्या दिवसांत मी डाव्या काठाचा नग्गरचा रस्ता घेतो. रुंदीला कमी, पण शांत आहे.

मनाली गाव २००० मीटरच्या थोडं वर आहे. गावात बर्फ मिळेलच असं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) आला की एक-दोन दिवस जोरात पडतो, मग ऊन निघतं आणि गावातला वितळूनही जातो. म्हणून सगळे वर धावतात : सोलंग, धुंडी, अटल बोगदा आणि पलीकडे सिस्सू. हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. ९.०२ किलोमीटर लांब, साधारण ३१०० मीटर उंचीवर. त्याच्यामुळे पलीकडच्या लाहौल खोऱ्यात बाराही महिने जाता येऊ लागलं आणि आपल्यासारख्या मैदानी चालकांच्या गाड्या भर हिवाळ्यात अशा उंचीवर पोचायला लागल्या, जिथे पूर्वी त्या पोचूच शकत नव्हत्या. रोहतांगची खिंड ३९७८ मीटरवर आहे, ती हिवाळ्यात बंदच असते. बोगद्यातून जायला रोहतांगचा परवाना लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. सोलंगच्या वरचा रस्ता सकाळी जाताना काळाकुळीत डांबरी असतो. दुपारी सिस्सूला ढग येतात, भुरभुर सुरू होते, आणि बोगद्यातून दक्षिणेकडे बाहेर पडावं तर समोर पांढरा उतार. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात हजारभर गाड्या अशाच अडकल्या आणि पोलिसांना पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. त्यातल्या बहुतेकांनी सकाळी चांगल्या रस्त्यावरून चढ चढला असणार. चढताना रस्ता कसा आहे हे बघून निर्णय घेतला की फसगत होते. उतरताना तो कसा असेल, यावर निर्णय घ्यायला हवा.

म्हणून माझा आग्रह एवढाच की परत फिरण्याची अट घरून निघण्यापूर्वी ठरवा, सगळ्यांसमोर. आमच्या टोळक्यात ती अशी आहे : बोगद्याच्या पलीकडे असू तर दुपारी दोनला गाडीचं तोंड मनालीकडे, पहिला हिमकण काचेवर दिसला तर घड्याळ न बघता लगेच, आणि चालवणारा "बास" म्हणाला की बाकीच्यांनी कारण विचारायचं नाही. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. चार मित्र मागून "अरे, अजून दोनच किलोमीटर" म्हणत असताना एकट्याने गाडी वळवणं फार अवघड असतं. आधी ठरलेलं असलं की त्याच्यावरचं ओझं उतरतं.

इंजिनऑइल

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. चेन (बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्या), टायर यांवर इतर लिहितीलच, मी गाडीच्या पोटातलं लिहितो.

डिझेल गाडी आपल्याकडून घेऊन जाणार असाल तर हे नक्की वाचा. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते गोठायला लागतं आणि फिल्टर तुंबतो. भारतीय मानकात डिझेलच्या गोठणबिंदूला उन्हाळ्यात १५ अंश आणि हिवाळ्यात ३ अंश सेल्सिअसपर्यंत मुभा आहे. म्हणजे उबदार प्रदेशात भरलेलं डिझेल शून्याखाली चालेलच याची हमी नाही. उपाय सोपा आहे : खालचं डिझेल टाकीत शिल्लक ठेवून वर जाऊ नका, मंडी-कुल्लूकडे टाकी भरा. तिथे विकलं जाणारं डिझेल बहुधा तिथल्या थंडीला धरून असतं. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारं वेगळं हिवाळी डिझेल २०१९ पासून मिळतं, मनालीसाठी इतकी गरज नाही. पेट्रोलवाल्यांना ही चिंता नाही.

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर आधी ते काढा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, इंजिनाचा ब्लॉक फोडायला तेवढं पुरतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असलं की उणे ३५ च्या आसपासपर्यंत काळजी नाही. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही गोठतं, तिथे थंडीत चालणारं वॉशर लिक्विड भरा.

बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर निघण्यापूर्वी तपासून घ्या. थंडीत तिची ताकद घटते आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. जंपर केबल सोबत ठेवा.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओले ब्रेक शू ड्रमला चिकटून गोठतात आणि सकाळी चाक फिरत नाही. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगडाची उटी लावा, वायपर काचेवरून उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतायचा मोह होतो. ओतू नका, काच तडकते.

टायरमधल्या हवेचंही बघा. घरी ३० अंशांत भरलेली हवा शून्य अंशात चार-पाच पीएसआय उतरते. उंचीमुळे बाहेरचा दाब कमी असतो, म्हणून त्यातली दोनेक पीएसआय भरून निघते. वर पोचल्यावर सकाळी थंड टायरवर एकदा मोजा.

चाकोरीबाहेर

+१. हँडब्रेकचा मुद्दा खरंच कोणी सांगत नाही.

नवाकोरा

आम्ही जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जातोय. चार मित्र, सगळ्यांना गाडी येते, बर्फावर कोणीच चालवलेली नाही. दोन प्रश्न आहेत. पुण्याहून गाडी न्यावी की चंदीगडला भाड्याने घ्यावी? आणि बर्फावर गाडी घसरते म्हणजे नेमकं काय होतं? पावसात घसरते तशीच की वेगळी?

गिअर पहिला

@नवाकोरा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण हे एकदा आकड्यांत बघितलं की डोक्यात बसतं.

ताशी ३० च्या वेगाने जाताना करकचून ब्रेक मारला तर कोरड्या डांबरावर गाडी पाचेक मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर सतरा-अठरा मीटर लागतात. काचेसारख्या गोठलेल्या थरावर पस्तीस मीटरच्या पुढे. हे सपाट रस्त्याचं झालं. दहा मीटरला एक मीटर असा उतार असेल आणि खाली गोठलेला थर असेल, तर ब्रेक मारून गाडी थांबतच नाही. चाकं थांबतात, गाडी जात राहते. पावसात घसरलेली गाडी थोड्या अंतरावर पकड परत मिळवते, इथे पकड मिळायला खाली काही नसतंच.

म्हणून वेग आधीच मारावा लागतो. उताराला लागण्यापूर्वी पहिला किंवा दुसरा गिअर टाका आणि इंजिनावर गाडी उतरू द्या. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर पकडून ठेवा. जागेवरून उचलताना पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरवर, क्लच हळू सोडत. पहिल्यावर चाक जोरात फिरतं आणि स्वतःखालचा बर्फ घासून आणखी गुळगुळीत करतं. चढावर मध्येच थांबू नका, पुढची गाडी वर पोचेपर्यंत खाली सपाटीला वाट बघा. घसरलीच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग जायचं त्या दिशेला हलक्या हाताने धरा, नजरही तिकडेच ठेवा. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर पेडल थरथरतं, ते नॉर्मल आहे, घाबरून पाय काढू नका.

ताज्या भुसभुशीत बर्फाला त्यामानाने पकड असते. तो दिवसा अर्धवट वितळला आणि रात्री पुन्हा गोठला, की त्याची भीती बाळगावी.

रानजाई

माझं काही वर्षं कुल्लूला वास्तव्य होतं. तिथले चालक कशाला घाबरतात ते सांगते.

ताज्या बर्फाला ते घाबरत नाहीत. तो दिसतो. ते घाबरतात ब्लॅक आइसला. वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहत असतं, संध्याकाळी पारा उतरला की त्याचा पातळ पारदर्शक थर होतो आणि खालचं डांबर जसंच्या तसं दिसतं. एका ड्रायव्हरदादांनी मला ओळखायला शिकवलं होतं. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाहीये, आणि आपल्या टायरचा घर्रर्र आवाज अचानक बंद झालाय, तर चाकाखाली बर्फ आहे. त्या क्षणी ते दोन्ही पाय पेडलवरून उचलत आणि गाडी तशीच पुढे जाऊ देत. स्टिअरिंग बोटांत, मुठीत नाही. टायरचा आवाज परत आला की मग हळूच ब्रेक.

हा थर कुठे असतो तेही ठरलेलं आहे. ज्या वळणाला दुपारीही ऊन लागत नाही तिथे, देवदारांच्या दाट सावलीत, पुलांवर, कारण पुलाला खालूनही वारा लागतो, आणि डोंगरातून झरा रस्त्यावर येतो तिथे. स्थानिकांना अशी प्रत्येक जागा पाठ असते. "तो बघा साध्या छोट्या गाडीत चाललाय, आपल्याला काय होतंय" असं मित्र म्हणतात ना, त्याचं उत्तर हे आहे. गाडी तीच असली तरी त्याला पुढचं वळण माहीत आहे आणि सकाळी दहाच्या आधी तो गरजेशिवाय गाडी काढत नाही.

म्हणून वेळ पाळा : वरच्या रस्त्यावर साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन.

चाकोरीबाहेर

थोडा असहमत. धाग्याचा सूर फार सावधगिरीचा होतोय. आम्ही मित्र याच दिवसांत सिस्सूपर्यंत जाऊन आलो, छोटी हॅचबॅक होती, काहीही त्रास झाला नाही. बोगद्यातून बाहेर आल्यावर जे दिसतं त्याला तोड नाही. चंद्रा नदी गोठून पांढरी, फक्त मधली एक धार निळी, आणि समोर कड्यावरून उतरणारा सिस्सूचा धबधबा जागच्या जागी थिजलेला. पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही आमच्यात. एवढं सगळं वाचून कोणी जाणंच रद्द केलं तर वाईट वाटेल.

देवदार

@चाकोरीबाहेर, रद्द करू नका असंच माझंही म्हणणं आहे, आणि तुम्ही वर्णन केलेलं दृश्य बघायला मी पुन्हा पुन्हा जातो. तुम्हाला त्रास झाला नाही कारण तुम्हाला कोरडा दिवस मिळाला, आणि बहुधा तुम्ही वेळेत परत आलात. हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा अंदाज आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी बघा. पिवळा इशारा असेल तर सोलंगपर्यंत जा, बर्फात खेळा, परत या. नारिंगी किंवा लाल असेल तर गाडीला हात लावायचा नाही, गावात फिरायचं. निरभ्र आकाश, इशारा नाही, आदल्या दोन दिवसांत बर्फ पडलेला नाही, असा दिवस असेल तर सकाळी खुशाल सिस्सू गाठा. बर्फ पडलेला असताना पोलीस सोलंगच्या अलीकडेच गाड्या अडवतात आणि फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) किंवा चेन असलेल्यांनाच पुढे सोडतात. तिथे त्यांच्याशी वाद घालणारे पर्यटक बघितले की मला मनापासून वाईट वाटतं. त्या हवालदाराला रात्री तुम्हालाच शोधायला जावं लागणार असतं.

रानजाई

@चाकोरीबाहेर, तुमचा अनुभव खराच आहे. पण एक गोष्ट लिहायची राहिली, आणि ती लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला आलेल्या हजारो गाड्या एका रात्री रस्त्यावर अडकल्या. किमान २२ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. गाड्या दरीत पडल्या नव्हत्या. माणसं काचा लावून, ऊब मिळावी म्हणून इंजिन आणि हीटर चालू ठेवून गाडीतच बसली होती. बाहेर बर्फ साचत गेला. सायलेन्सर बर्फाखाली गेला की धूर बाहेर जायला वाट उरत नाही, तो गाडीखाली कोंडतो आणि आत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि थकलेल्या माणसाला ती झोप प्रवासाची वाटते. त्या रात्रीच्या अनेक मृत्यूंमागे हा वायू होता.

तेव्हा अडकलात तर आधी बाहेर उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने, फावड्याने, ताटाने, मिळेल त्याने काढा, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा काढा. इंजिन सतत चालू ठेवू नका, तासाला दहा मिनिटं पुरे. ते चालू असताना वारा ज्या बाजूने येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची काच दोन बोटं उघडी हवी. सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही, पाळीपाळीने एकाने जागं राहायचं. आत ऊब देतात ती पांघरुणं आणि शेजारची माणसं, म्हणून प्रत्येकी एक जाड ब्लँकेट डिकीत न टाकता सीटवर ठेवा. दूर दिवे दिसत नसतील तर गाडी सोडून अंधारात चालत निघू नका. फोन ११२ ला, किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर.

हॉटेलच्या खोलीतही हेच. कुल्लू-मनालीत लाकडाची पत्र्याची शेगडी असते, तिला तिथे तंदूर म्हणतात. तिला धुराडं असतं, ती चालते. पण कोळशाची उघडी अंगीठी खोलीत घेऊन दार लावून झोपू नका. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर खिडकी उघडी असल्याची खात्री करा.

गिअर पहिला

हे वाचून गप्प झालो. तासाला दहा मिनिटं हा हिशोब आमच्या ग्रुपवर आत्ताच पाठवला.

माळरान

@नवाकोरा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. पुण्याहून चंदीगड सोळाशे-सतराशे किलोमीटर होतात. रस्ते चांगले आहेत, पण तुम्ही जानेवारीत जाताय आणि हरियाणा-पंजाबात तेव्हा पहाटे असं धुकं पडतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रवासात बर्फाहून धोक्याची जागा म्हणजे धुक्यातला महामार्ग. उभ्या ट्रकवर मागून आदळणाऱ्या गाड्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात असतात. दिल्लीच्या पुढे सकाळी नऊ-दहापर्यंत गाडी काढू नका. आणि येऊन-जाऊन सहा दिवस फक्त त्यातच जातात. हाताशी दोन आठवडे असतील तरच स्वतःची गाडी न्या.

भाड्याने घेताना पाटी बघा. स्वतः चालवायला देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विमा हात वर करतो. करार पूर्ण वाचा. आमच्या करारात बर्फाच्या रस्त्यावर झालेलं नुकसान विम्यात धरणार नाही अशी एक ओळ शेवटच्या पानावर होती. ती दिसल्यावर आम्ही गाडी मनालीत हॉटेलपाशी लावून ठेवली आणि वर जायला तिथलीच फोर बाय फोर ड्रायव्हरसकट घेतली. चौघांत वाटून फार महाग पडली नाही, आणि चौघांनाही खिडकीबाहेर बघता आलं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी असंच करावं हे माझं ठाम मत आहे.

देवदार

@माळरान, शंभर टक्के सहमत. आणि घाटातला एक नियम सगळ्यांनी पाळावा : अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा शिष्टाचार तर आहेच, वाहतूक नियमांतही आहे. बर्फावर त्याचं महत्त्व दुप्पट, कारण चढणारी गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलत नाही. अटल बोगद्यात गाडी थांबवून फोटो काढू नका. कॅमेरे आहेत आणि पोलीस कारवाई करतात.

साखरझोप

मनालीच हवं का? आम्ही शिमला-नारकंडा केलं. कालका-शिमला गाडी १९०३ पासून धावतेय, २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, ९६ किलोमीटरची वाट. बर्फाचा इशारा असेल तर गाडी खाली कालक्याला सुरक्षित लावून रेल्वेने शिमल्याला जाता येतं, ही सोय मनालीला नाही. नारकंडा २७०० मीटरच्या आसपास आहे, तिथे बर्फ जास्त टिकतो. हाटू शिखराचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. ढली ते कुफरी, फागू या पट्ट्यात मात्र सावलीतली वळणं पुष्कळ आहेत, वर रानजाईंनी लिहिलेलं सगळं तिथेही लागू.

रानजाई

अवांतर : मनालीत अडकून पडावं लागलं तर दिवस वाया गेला असं मानू नका. १५५३ मध्ये बांधलेलं हिडिंबेचं लाकडी देऊळ बर्फ पडत असताना बघा, गर्दी नसते. वशिष्ठला गरम पाण्याचे झरे आहेत. नग्गरला निकोलस रोरिक १९२८ पासून अखेरपर्यंत राहिले, त्यांचं घर आणि चित्रं आहेत. मकरसंक्रांतीपासून ४२ दिवस गोशाल आणि आजूबाजूच्या गावांत शांतता पाळतात. देव स्वर्गात गेलेले असतात अशी श्रद्धा आहे, शेतात काम नाही, मोठा आवाज नाही. नवाकोरा, तुम्ही त्याच काळात जाताय. त्या गावांजवळून जाताना हॉर्न आणि गाणी बंद ठेवा. लाहौलमध्येही याच दिवसांत हालडा, फागली हे सण येतात आणि काही गावं पाहुण्यांना थांबायला सांगतात. फलक दिसला तर मुकाट्याने मागे फिरा.

नवाकोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. चौघांनी बसून धागा वाचला. ठरलं असं : चंदीगडपर्यंत विमानाने, तिथून काळ्या पाटीची गाडी, अंधाराच्या आत मनाली. वर जायला स्थानिक गाडी, तीही इशारा नसेल तरच. दोन दिवस राखीव ठेवलेत. आमच्यातल्या ज्याला सगळ्यात जास्त घाई असते त्यानेच "दोन वाजता परत" हे ग्रुपच्या नावात टाकलंय. चेन तरीही सोबत घ्यावी म्हणतोय, मनालीतच बर्फ पडला तर. कोणती घ्यायची आणि कशी चढवायची?

गिअर पहिला

टायरच्या बाजूला १८५/६५ आर १५ अशासारखा आकडा असतो, त्या मापाचीच घ्या. सैल चेन मडगार्ड फाडते. भाड्याच्या गाडीला चेन चालते का ते मालकाला आधी विचारा, काही गाड्यांत चाक आणि मडगार्डमध्ये तेवढी फट नसते.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, आणि बहुतेक हॅचबॅक-सेडान तशाच असतात, तर चेन पुढच्या चाकांना. आधी ती जमिनीवर पसरून पीळ काढा. आकड्यांची उघडी टोकं टायरपासून बाहेरच्या बाजूला यायला हवीत, नाहीतर रबर कापतात. चाकावरून टाकून आधी आतल्या बाजूचा आकडा हात घालून लावा, मग बाहेरचा, मग ताणायचं रबर. शंभर मीटर हळू जा, थांबा, ढिली झालेली असते, पुन्हा आवळा. चेन असताना ताशी ३०-४० च्या वर जायचं नाही आणि मोकळं डांबर लागलं की लगेच उतरवायची. हातमोजे रबरी घ्या, लोकरीचे पाच मिनिटांत भिजतात आणि मग बोटांना आकडा जाणवत नाही. बसायला एक गोणपाट ठेवा. सोलंगच्या वाटेवर चेन चढवून देणारी मुलं भेटतात, पण रात्री हॉटेलसमोर ती नसतील. तेव्हा चंदीगडला गाडी ताब्यात घेतली की तिथेच उजेडात, कोरड्या जमिनीवर चौघांनीही एकेकदा चढवून उतरवून बघा.